वर न गेलेला डावा हात

माझं बूड खुर्चीला टिकत नाही. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत तिसरा विषय निघेपर्यंत मी दोनदा पाणी प्यायला उठलेली असते, एकदा खिडकीपर्यंत जाऊन आलेली असते, आणि बसले तरी टेबलाखाली उजवा पाय पुढं, डावा मागं आडवा, असा पवित्रा माझ्या नकळत घेतलेला असतो. शेजारच्या सदस्यबाई विचारतात, तुम्हाला मुंग्या चावतात का हो? समोरच्या बाकावरचे एक जुने सदस्य तर मी उठले की मुद्दाम म्हणतात, मॅडम, आज कुणावर चाल करून जायचंय? सगळे हसतात, मीही हसते. एवढी वर्षं तलवारबाजी खेळलेल्या बाईचे पाय असेच असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय आणि मीही ते चालू दिलं. पण माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी खेळ सोडून निवांत बसल्यात, टीव्ही बघतात, दुपारी झोपतात. मला तसं बसता येत नाही त्याचं कारण खेळ नाही. कारण एक पॉइंट आहे. तो मी जिंकला, आणि तो माझा नव्हता.

माझं माहेर करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून थोडं आत. सासर तिथून दोन गावं पलीकडं, जिल्हा परिषदेच्या त्याच गटात. आमच्या शाळेत पीटीचे एक सर होते. ते शहरात कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना दोन इपी, तोंडावर घालायचे दोन जाळीचे मास्क आणि एक पांढरं जॅकेट घेऊन आले. इपी म्हणजे तलवारबाजीतलं एक हत्यार, लांब पात्याचं, टोकाशी बारकं बटण असलेलं. समोरच्याच्या अंगावर कुठंही टोक दाबलं गेलं की पॉइंट. खऱ्या सामन्यात दोघांच्या पाठीमागून वायर जाते, बटण दाबलं की मशिनवर लाइट लागते आणि पंच ती बघून निकाल देतात. आमच्याकडे मशीन नव्हतं, पंचही नव्हते. सर एका वेळी तीन वर्ग सांभाळायचे, त्यांना उभं राहून बघायला वेळ कुठला. म्हणून त्यांनी एकच नियम घालून दिला. ज्याला लागलं त्यानं रिकामा हात वर करायचा. मारणाऱ्यानं काही बोलायचं नाही. लागलं की हात वर, बास. त्यावरच पॉइंट मोजायचे. आम्ही पोरी त्या नियमावर इतक्या वाढलो की घरात दाराची कडी कोपराला लागली तरी माझा डावा हात वर जायचा आणि आई कपाळाला हात लावायची.

माझ्या जोडीला जी मुलगी होती ती ओढ्याच्या पलीकडच्या बौद्ध वस्तीतली. वडील रेल्वेच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये, आई आमच्याच शेतात खुरपायला यायची. माझ्याएवढीच, पण हात माझ्यापेक्षा लांब आणि डोकं माझ्यापेक्षा थंड. मी धसमुसळी. मी आधी उडी मारणार आणि मग विचार करणार. ती उभी राहायची, राहायची, आणि मी चुकले की नेमकी टोक टेकवायची. जॅकेट एकच असल्यामुळं एक डाव मी घालायचे, एक डाव ती. त्यावरून आई कुरकुरली. दुसऱ्याचा घाम अंगाला लागतो म्हणाली. घाम म्हणजे तिला काय म्हणायचंय ते मला त्या वयातही कळलं होतं, आणि मी मुद्दाम ते जॅकेट घालून घरी आले, तसंच जेवायला बसले. त्या गोष्टीचा मला फार अभिमान होता. मी कशी वेगळी आहे, मी कशी खरी आहे, असं मी स्वतःला बरंच सांगायचे.

पुढं सरांनी कुठूनतरी जुनं मशीन आणलं. तोवर माझ्या काकांनी मला शहरातून नवी कोरी इपी आणून दिली होती. माझी जोडीदारीण शाळेच्याच जुन्या इपीनं खेळायची. त्या इपीची आतली वायर दोनदा तुटली होती आणि करमाडच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं डाग देऊन जोडली होती. कधी लाइट लागायची, कधी नाही. टोक अंगात रुतायचं आणि मशीन आपलं गप्प. पण आमचं काही अडायचं नाही. लाइट लागली नाही तरी मी हात वर करायचे आणि ती पॉइंट मोजायची. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. मशीनपेक्षा माझा हात पक्का, असं ती हसून म्हणायची.

मग राज्याच्या संघाची निवड चाचणी आली, दुसऱ्या जिल्ह्यात, एका मोठ्या हॉलमध्ये. सरांच्या घरी लग्न होतं म्हणून आम्ही दोघीच शहरातल्या पोरांबरोबर गेलो. आमच्या वयोगटात एक जागा उरली आणि त्या एका जागेसाठी उरलो आम्ही दोघी. रोज जिच्याशी खेळायचं तिच्याशीच. दोघींना एकमेकींचं सगळं माहीत. चौदा-चौदा झाले. पंधरावा ज्याचा त्याची जागा.

मी नेहमीसारखी आधी सुटले. तिनं पातं बाजूला सारलं आणि तिचं टोक माझ्या उजव्या बरगडीत आलं, काखेच्या चार बोटं खाली. चांगलं जोरात आलं. मी थांबले नाही, हात तसाच पुढं नेला आणि माझं टोक तिच्या खांद्याला लागलं. लाइट एकच लागली, माझी. पंचांनी माझ्याकडं हात दाखवला. मग त्यांनी तिची इपी तपासली, टोक जमिनीवर दाबून बघितलं, आणि त्या मेल्या वायरनं नेमकी तेव्हा लाइट लावली. हत्यार ठीक आहे, पॉइंट कायम.

ती पंचांकडं बघतच नव्हती. मशीनकडंही नाही. ती माझ्या डाव्या हाताकडं बघत होती. मला जाळीतून तिचे डोळे दिसले नाहीत, पण मान कुठं वळलीय ते दिसत होतं, आणि ती कशाची वाट बघतेय ते माझ्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मी हात वर केला असता तर पंचांनी मानलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित मानलं नसतं. मी हे वाक्य इतक्या वेळा घोकलंय की ते झिजून गेलंय. कारण मी तेव्हा नियमाचा विचार केलाच नव्हता. मी जागेचा विचार केला. डावा हात मांडीला घट्ट धरला, उजव्या हातानं मास्क वर सारला आणि ओरडले. जिंकलेले ओरडतात तशी. एका वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरनं तोच क्षण टिपला.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. अर्धा रस्ता झाला. मग उजव्या हाताचा तळवा माझ्यापुढं धरून म्हणाली, "मला चक्क लागल्यागत वाटलं गं. हाताला कळलं होतं." मी तिकिटाची घडी घालत बसले. तिनं हात मिटला आणि पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढून अर्धा मला दिला. मी तो खाल्ला. हे मी का सांगतेय मला माहीत नाही, पण खाल्ला हे खरं आहे.

दोन महिन्यांनी तिनं खेळ सोडला. सर तिच्या घरी दोनदा जाऊन आले. घरचे नाही म्हणत नव्हते, तीच नाही म्हणाली. सरांना तिनं सांगितलं की माझा हात खोटा पडतो, त्याच्यावर भरवसा राहिला नाही. सरांनी हे मला शाळेच्या पायरीवर बसून सांगितलं. त्यांना त्याचा अर्थच लागत नव्हता. एका पॉइंटनं कुणी असं करतं का, म्हणाले. मी म्हणाले, तिला बहुतेक लग्न करायचं असेल.

बरगडीवरचा निळा डाग आठवडाभर राहिला आणि गेला. पुढचं सगळं माझ्या माहितीपत्रकावर छापलेलं आहे. राष्ट्रीय स्पर्धेत पदक, पुढच्या वर्षी सुवर्ण, मग सलग विजेतेपद, एकदा परदेश, एकदा मुंबईला मोठ्या लोकांच्या हातून पुरस्कार, क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरी. मेहनत नव्हती असं नाही. पहाटे चारला उठून मी चिकलठाण्याच्या रस्त्यानं पळायचे, गुडघा सुजलेला असताना खेळले, एकदा ताप अंगावर काढला. पण प्रत्येक पदक गळ्यात पडलं की पहिला विचार बरगडीचा यायचा. मग मी लगेच पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरायची. माझ्या कोचला वाटायचं, काय जिद्द आहे पोरीची. जिद्द कसली, नुसती पळापळ होती.

सासर राजकारणातलं. गट महिलांसाठी राखीव झाला तेव्हा घरात एकच नाव होतं. मी नोकरी सोडली आणि निवडून आले. लोकांना माझं भाषण आवडायचं, कारण मी माइकपाशीही एका जागी उभी राहत नाही. अधिकाऱ्यांना मी आवडायची नाही, त्याचंही कारण तेच. मग मुदत संपली आणि कितीतरी वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासकच कारभार बघायचे. मी घरात येरझाऱ्या घालायची. नवरा म्हणायचा, फरशी झिजवून टाकशील.

शेवटी निवडणूक लागली. प्रचाराचं सगळं माझ्या दिराकडं. हुशार माणूस, गावागावातलं कोण कुणाशी बोलत नाही हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी फ्लेक्ससाठी निवड चाचणीतला तोच फोटो शोधून काढला, वर सारलेला मास्क, उघडं तोंड. मूळ फोटोत मागं ती उभी होती, इपी खाली सोडलेली. दिरांनी तिला कापून टाकलं, पण पूर्ण कापता आलं नाही. कडेला तिचं कोपर तेवढं राहिलं. गावोगावच्या वेशीवर मी ओरडत उभी, आणि प्रत्येक ठिकाणी ते पांढरं कोपर.

माहेरच्या गावात यावेळी अवघड होतं. वस्तीतली मतं समोरच्याकडं झुकली होती आणि तिथं जिच्या शब्दाला मान होता ती हीच, माझी जोडीदारीण. लग्न होऊन लासूर स्टेशनला गेली होती, पण नवऱ्याला शेंद्र्याच्या कंपनीत काम लागलं तसे दोघं पुन्हा इथंच राहायला आले. तिचं शिलाईचं दुकान होतं, बचत गटाची अध्यक्ष होती, आणि दर रविवारी शाळेच्या मैदानावर पोरींना तलवारबाजी शिकवायची, फुकट. हे मला माहीत होतं. मी वीस वर्षांत एकदाही बघायला गेले नव्हते. लग्नात, मयतीला भेटलो की कशी आहेस, बरी आहे, एवढंच. निवडून आल्यापासून ती मला चारचौघांत अहो-जाहो करायची आणि मी ते करू द्यायची. दीर म्हणाले, वहिनी, त्या बाईला स्टेजवर आणा, तुम्ही दोघी बरोबर खेळलेल्या, चार शब्द बोलली तर गाव आपलं.

मी रविवारी सकाळी गेले. मैदानावर वीसेक पोरी होत्या, हातात वेताच्या काठ्या, टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला. मास्क चार, ते आळीपाळीनं. ती मधे उभी, गळ्यात शिट्टी. काय शिकवत होती, मी बघत राहिले. पाय कुठं, खांदा कुठं, नजर कुठं, सगळं तोंडानं. पण हातात काठी नव्हती. काही करून दाखवायचं झालं की मोठ्या पोरीला पुढं बोलवायची आणि तिचं कोपर धरून वळवायची. तिचा स्वतःचा उजवा हात सगळा वेळ पदराला पुसल्यासारखा कमरेशी. मी एका पोरीला विचारलं, तुमच्या बाई खेळून दाखवत नाहीत? ती म्हणाली, नाय, बाईंचा हात चुकतो ना, म्हणून त्या काठी धरत नाहीत.

एवढ्यात एका जोडीत वाद झाला. एकीनं लागलं नाही म्हणून हात खाली ठेवला होता, दुसरी रडकुंडीला आलेली. शिट्टी वाजली, सगळ्या गोळा झाल्या. तिनं मला बघितलं, हसली, आणि पोरींना म्हणाली, "ह्या कोण हायेत म्हाईतंय ना? माझी शेवटची मॅच ह्यांच्यासंगं झाली. मला वाटलं, माझं लागलं. लई वाटलं. पण मॅडमनी हात वर केला नाय. म्हंजे लागलंच नव्हतं. लागलं असतं आन् ह्यांनी हात वर केला नाय, असं व्हायचंच नाय. आपल्या हातापेक्षा समोरचीच्या इमानावर भरवसा ठेवायचा, कळलं का?"

पोरींनी माझ्याकडं बघितलं. मी चपलेनं माती उकरत होते. इतकी वर्षं मला वाटायचं की तिला माहीत आहे. तिला माहीत आहे, ती मनातून मला शिव्या देत असेल, आणि मोठेपणानं बोलत नसेल. तिच्या रागाची मला सवय झाली होती, त्याच्याशी मी मनातल्या मनात भांडायचे, सबबी सांगायचे. आणि तिच्यापाशी राग नव्हताच. मशीन चुकू शकतं हे तिला माहीत होतं, माझा हात चुकू शकतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून चुकला तो तिचा हात. मी तिची जागा घेतली हे मला माहीत होतं. तिचा हात घेतला हे मला त्या मैदानावर कळलं, आणि मला स्वतःची किळस आली.

स्टेजवर येशील का, असं मी कसंबसं विचारलं. येते की, त्यात काय इचारायचं, म्हणाली. काय बोलायचं, ते पण तिनंच सांगितलं. हीच गोष्ट सांगते. गावाला कळू दे, कसल्या बाईला मत द्यायचंय.

सभा गुरुवारी होती. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गाडीत बसले की उतरावंसं वाटायचं, उतरले की पुढच्या गावाला जावंसं वाटायचं. दोन ठिकाणी भाषण अर्ध्यावर सोडलं. रात्री कूस बदलून बदलून नवऱ्याला जागं केलं. सोमवारी दिरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, वहिनी, लाइट लागली नाही ना? मग नाही लागलं. मशीन काय आपल्या पक्षाचं होतं का? आणि हात जोडून म्हणाले, हे मतदान होईपर्यंत कुणाला सांगू नका, नंतर खुशाल कीर्तन करा.

मंगळवारी तिच्या दुकानात गेले. ठरवून गेले होते, शिरल्या शिरल्या बोलायचं. ती मशीनवरून उठली, स्टूल पुसून दिलं आणि म्हणाली, बोला मॅडम. माझ्या तोंडातून निघालं, एक ब्लाउज शिवायचाय. तिनं टेप घेतला. हात वर करा जरा, म्हणाली, आणि मी केले, दोन्ही. टेप काखेखालून फिरला, बरोबर त्या बरगडीवरून. तिनं आकडा खडूनं पाटीवर लिहिला, बारीक झालात म्हणाली, धावपळ लई व्हती का? मी हो म्हणाले आणि बाहेर पडले. बुधवारी पुन्हा गेले, दुकानासमोर गाडी थांबवली आणि काच खाली न करता निघून आले. मैदानावर कुणालाही न घाबरणारी मी, ब्लाउजचं माप देऊन आले. एवढी भेकड बाई मी दुसरी बघितली नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाचला शाळेच्या समोरच्या चौकात सभा. स्टेजच्या मागं तोच फ्लेक्स. वस्तीतल्या बायका झाडून आल्या होत्या, तिच्यासाठी. तिच्या पोरी पुढं सतरंजीवर. दीर खाली उभे राहून माझ्याकडं डोळे वटारत होते. ती नवं लुगडं नेसून आली होती. माइकपाशी उभी राहिली आणि जराही न अडखळता बोलायला लागली. एक जॅकेट, सर, करमाडचा रेडिओवाला. लोक हसत होते. मग हॉल, चौदा-चौदा. मग म्हणाली, मला वाटलं माझं लागलं, पण ह्या बाईनं हात वर केला नाय.

माझ्या पायांनी आधीच ठरवलं होतं बहुतेक. मी खुर्चीवरून उठले होते. डावा हात वर केला, सरळ, कोपर न वाकवता, सरांनी शिकवला होता तसा. समोरच्या लोकांना वाटलं मी त्यांना अभिवादन करतेय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती टाळ्यांनी थांबली, वळली, आणि तिला माझा हात दिसला.

ती बघत राहिली. मी हात खाली घेतला नाही. टाळ्या आपोआप बंद पडल्या. तिनं माइक तोंडापासून लांब धरला.

"आत्ता व्हय?" ती म्हणाली. एवढं हळू की मलाच ऐकू गेलं असेल.

मी म्हणाले, "लागलं होतं. तुझं आधी लागलं होतं. बरगडीत."

तिनं माइक माझ्या हातात दिला. "मला नगं सांगू. माझ्या हाताला कवाच म्हाईत व्हतं, मीच त्याचं ऐकलं नाय. ह्या पोरींना सांग."

मी सांगितलं. फार नाही, पाच-सहा वाक्यं. लागलं होतं, मला कळलं होतं, मी हात खाली ठेवला, ह्यांचा हात कधीच चुकला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी माइकपाशी एका जागी उभी होते. बोलून वळले तेव्हा ती स्टेजवरून उतरून बायकांमधून वाट काढत घराकडं निघाली होती. उजवा हात तिनं डाव्या हातात धरला होता. दोन पोरी उठून तिच्यामागं गेल्या, मग सगळ्या गेल्या. दीर डोक्याला हात लावून सतरंजीवरच बसले.

मी निवडून आले, बाकीच्या गावांच्या जोरावर. माहेरच्या गावात पडले, आणि वस्तीत पडलेच, पण आमच्या आळीतही पडले. काहींना मी खोटी वाटले आणि काहींना मूर्ख. दोघांचंही बरोबर आहे. दीर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. निकालानंतर आठवड्यानं ब्लाउज शिवून आला, एका पोरीच्या हाती, कागदात गुंडाळलेला. निरोप काही नव्हता. मापात बसला, कुठं सैल नाही की घट्ट नाही.

मी तिला दोनदा फोन केला. तिनं उचलला नाही. माफी मागायची होती, पण खरं सांगायचं तर मला माफी हवी होती, त्यात फरक आहे. तेव्हा तिसऱ्यांदा केला नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी शहरातून बैठक उरकून येताना ड्रायव्हरला म्हणाले, शाळेवरून घे. गाडी वळणाशी थांबवली आणि चालत गेले. वाटलं, कंपाउंडच्या फाटकातून आत जाईन, पोरींशी बोलेन, क्रीडा समितीकडून मास्क मिळवून देते म्हणून सांगेन. भाषण तयार होतं.

आत ती पवित्र्यात उभी होती. पदर कमरेला खोचलेला, पायात पोरींचेच कुणाचेतरी बूट, आणि उजव्या हातात काठी. समोर तीच मोठी पोरगी, जिचं कोपर धरून ती शिकवायची. पोरगी उतावीळ, माझ्यासारखी, आधी सुटली. ती थांबली, थांबली, आणि काठीचं टोक पोरीच्या बरगडीला टेकलं. आवाजसुद्धा झाला नाही.

पोरीनं लगेच डावा हात वर केला. ती मात्र पोरीच्या हाताकडं बघत नव्हती. हात वर जायच्या आधीच ती वळून आपल्या जागेवर परत निघाली होती.

मी फाटकाच्या बाहेरच उभी राहिले, बराच वेळ, दोन्ही पाय जमिनीला लावून. मग ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आवाजानं तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि पोरींना म्हणाली, चला, पुढची जोडी.